जुन्या पार्टांचा कॉम्प्युटर घरी जोडताना: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

मी अमळनेरचा. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण रविवारी गच्चीवरच्या खोलीत जुने पीसी उघडून बसतो. चोपडा, पाचोरा, शिरपूर, शहादा कुठूनही फोन येतो. "भाऊ, घरात एक जुना डबा पडलाय, चालू होईल का?" उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवतोय. प्रश्न ज्या क्रमाने आठवले त्याच क्रमाने आहेत.

रेट्रो कॉम्प्युटर म्हणजे नेमका कोणता धरायचा?

इंटरनेटवर शोधलं की कमोडोर, ॲमिगा, स्पेक्ट्रम दिसतात. ती मशीनं परदेशातल्या पोरांच्या खोलीत होती. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत आपल्या देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते, पण आज भंगारात तसा एखादा सापडला तर लॉटरीच समजा. त्यामागे लागू नका.

आपल्याकडचं रेट्रो म्हणजे असेंबल केलेला पीसी. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट बिननावाचं. जिनिंगच्या ऑफिसात हिशोबाला होता तो, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे पेजमेकर चालवणारा, सायबर कॅफेत तासावर मिळणारा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्याच्या गावीही आठ-दहा पीसींच्या लॅब उभ्या राहिल्या. आज भंगारात येतो तो बहुतेक माल याच काळातला आहे: पेंटियम थ्री, सेलेरॉन, पेंटियम फोर. क्वचित त्याहून जुना एखादा ४८६ किंवा पेंटियम एमएमएक्स. माझं सरळ म्हणणं असं की जे आपल्या गावात वापरलं गेलं तेच जोडा. पार्ट मिळतात, ते वापरलेली माणसं अजून भेटतात, आणि अडलं तर सांगणारा कोणीतरी असतो.

अमळनेरकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. विप्रो कंपनी १९४५ मध्ये आमच्या गावात सुरू झाली ती वनस्पती तूप बनवायला. पुढे त्याच कंपनीने पीसीसुद्धा बनवले. त्यामुळे विप्रोचा बिल्ला लावलेलं जुनं कॅबिनेट दिसलं की मी ते उचलतोच, आत काही असो नसो.

पार्ट मिळवायचे कुठून?

आधी घरात आणि नातेवाइकांत. माळ्यावर, पलंगाखाली, गोठ्याशेजारच्या खोलीत. मग बंद पडलेले कॉम्प्युटर क्लास, जुन्या पतपेढ्या, खताची दुकानं, शाळांचे स्टोअररूम. शाळेतला माल मात्र डेडस्टॉकला नोंदलेला असतो. तो रीतसर निर्लेखित होऊन लिलावात निघाल्याशिवाय शिपायाला चहा पाजून उचलू नका.

जळगावात गोलाणी मार्केटला कॉम्प्युटर-मोबाइलवाले आहेत. काउंटरवर जुना माल दिसणार नाही, पण मागच्या खोक्यात आहे का ते विचारा. गर्दीच्या वेळी विचारलं तर "नाही" हेच उत्तर मिळतं. दुपारी जेवणानंतर जा.

भंगारवाल्याकडे बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे सगळ्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणतात. तुम्ही "प्रोसेसर आहे का" विचाराल तर तो डोकं हलवेल. "जुने सीपीयू आलेत का?" असं विचारा, म्हणजे तो तुम्हाला ढिगाऱ्यापाशी नेईल. माल वजनावर विकला जातो. त्यामुळे आत रॅम आहे की नाही याने भावात फरक पडत नाही, आणि म्हणूनच रॅम बहुतेक वेळा आधीच कोणीतरी काढून नेलेली असते.

ढिगाऱ्यातून उचलताना काय बघायचं?

बाजूचं पत्र्याचं झाकण उघडून तीन गोष्टी बघा. प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे कपॅसिटर, म्हणजे ते छोटे नळकांडे, माथ्यावर सपाट आहेत का? फुगले असतील किंवा माथ्यावर तपकिरी डाग असेल तर बोर्ड दुरुस्ती मागणार. दुसरी गोष्ट म्हणजे बोर्डावरची बॅटरी. नाण्यासारखी गोल असेल तर काळजी नाही; निळ्या-हिरव्या आवरणातली नळी असेल तर तिच्याभोवती हिरवट बुरशीसारखं काही आलंय का ते पाहा. तिसरं म्हणजे जळका वास.

धुळीला घाबरू नका. जिनिंगमधला पीसी उघडला तर आत अक्षरशः गादी निघते. एकदा एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मी मूठभर सरकी-रुई काढली आणि तो एसएमपीएस आजही चालतो. पाल मात्र वेगळी. पाल वाळून बोर्डाला चिकटलेली असेल तर तिच्याखालचे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, खाल्ले गेलेले असू शकतात. उंदराने कुरतडलेल्या आयडीई (हार्ड डिस्कच्या) केबलचं काही वाटून घेऊ नका, ती बदलता येते.

पहिलंच मशीन जोडतोय, कोणतं निवडू?

पेंटियम थ्री किंवा त्या काळातला सेलेरॉन. १६८ पिनांची एसडीरॅम, ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी स्लॉट आणि जमल्यास जुन्या कार्डांसाठी एक तरी आयएसए स्लॉट. ४४० बीएक्स चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांचा) बोर्ड मिळाला तर दुसरं काही बघू नका. १९९८ चा हा चिपसेट डॉस, विंडोज ९८ आणि एक्सपी तिन्ही मुकाट्याने चालवतो, शिवाय आयएसएचं साउंड कार्ड घेतो.

पेंटियम फोर ढिगाने मिळतो, पण दोन अडचणी. आयएसए जवळपास कुठेच नसतो, त्यामुळे डॉसमध्ये आवाजाची बोंब. दुसरी अडचण उष्णतेची. प्रेस्कॉट जातीचा ३ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर ८९ वॅटचा आहे. पेंटियम थ्री याच्या तिसऱ्या हिश्श्यावर भागवतो. मे महिन्यात हा फरक खोलीत जाणवतो.

पेंटियम फोरच्या बोर्डाबद्दल एक इशारा. ८४५ चिपसेटच्या बोर्डाचा एजीपी स्लॉट फक्त १.५ व्होल्टचा असतो. त्यात ३.३ व्होल्टचं जुनं ग्राफिक्स कार्ड बळजबरीने बसवलं तर कार्ड नाही, बोर्ड जातो. कार्डाच्या कडेच्या खाचा बघा आणि सहज बसत नसेल तर दाबू नका.

एसएमपीएस जुनाच वापरू की नवा घेऊ?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचा छोटा स्विच असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. माझ्या पहिल्याच मशीनला, म्हणजे बारावीच्या सुट्टीत, मी सगळं जोडून झाल्यावर भाच्याला "बटण दाब" म्हटलं. भाच्याने आधीच कुतूहलाने तो लाल स्विच सरकवलेला होता. मोठा आवाज, पांढरा धूर, घराचा फ्यूज उडाला आणि आई खालून ओरडत वर आली. ११५ वर असताना आतल्या सर्किटमध्ये व्होल्टेज दुप्पट करायची सोय चालू असते. तिथे आपले २३० व्होल्ट गेले की आतले मोठे कपॅसिटर ते सहन करू शकत नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक एसएमपीएस हातात आला की मी आधी तो स्विच २३० वर आणतो आणि वरून इन्सुलेशन टेप चिकटवतो.

अनोळखी एसएमपीएस पहिल्यांदा लावताना सिरीज बोर्ड वापरा. इलेक्ट्रिशियन वापरतो तोच, साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब ओळीत जोडलेला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. यानंतर बोर्डाला न जोडता, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडली की एटीएक्स, म्हणजे पेंटियम थ्रीच्या काळातल्या जातीचा, एसएमपीएस सुरू होतो. लोडसाठी एखादी निकामी हार्ड डिस्क लावून ठेवा. मल्टिमीटरने मोजा: लाल ५, पिवळी १२, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. त्याबाहेर असेल तर बोर्डाला लावू नका.

एसएमपीएसचं झाकण उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही थांबा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो. मीटरने तो उतरलाय हे बघूनच हात घाला.

नवा एसएमपीएस चालतो का? चालतो. २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या चार पिना सुट्या होतात आणि उरलेल्या वीस जुन्या बोर्डात बसतात. पण नव्याची ताकद १२ व्होल्टवर असते, तर पेंटियम थ्रीच्या काळातले बोर्ड ५ व्होल्टवर भार टाकतात. लेबलवर ५ व्होल्टपुढे वीस अँपिअर किंवा जास्त लिहिलेलं हवं. शिवाय नव्यात पांढरी वायर, म्हणजे उणे ५ व्होल्ट, बहुधा नसते. काही जुन्या आयएसए साउंड कार्डांना ती लागते.

अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं ते यामुळेच.

एटी कनेक्टरच्या दोन पट्ट्या कशा लावायच्या?

एटी ही एटीएक्सच्या आधीची जात. ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमला सहा-सहा वायरींच्या दोन पट्ट्या येतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून हव्यात. उलट लावल्या तर बोर्ड संपला. याला दुरुस्ती नाही.

४८६ चा बोर्ड मिळालाय, पण बॅटरी गळली आहे. फेकू?

थांबा. गेल्या पावसाळ्यात धुळ्याहून एक आला तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे पद्धत कळेल.

कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी नळीसारखी बॅटरी, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. दोन्ही टोकांना मोरचुदासारखा हिरवा-पांढरा थर, आणि तो थर खाली वाहत आयएसए स्लॉटच्या पहिल्या पिनांपर्यंत गेलेला. मी प्रथम बॅटरी पक्कडने कापून काढली. सोल्डरिंग आयर्न आधी लावलं असतं तर तो गंजलेला भाग उष्णतेने ट्रॅकसकट उचलला गेला असता. मग अर्धं लिंबू कापलं, रस गाळला आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू लावला. बॅटरीतून गळतं ते अल्कली असतं, म्हणून सौम्य आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगरही चालतं. लिंबू लागताच बारीक फेस आला. पाच मिनिटं थांबून पुसलं, परत लावलं, असं चार वेळा. त्यानंतर बॅटरीचं पाणी, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर, त्याने धुतलं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन दिवस पंख्याखाली उभा ठेवला.

खाली बघतो तर दोन ट्रॅक तुटलेले. हिरवा लॅकर ब्लेडने खरवडून तांब्यापर्यंत गेलो आणि जुन्या हेडफोनच्या वायरीतली बारीक तार सोल्डर करून जोडले. कीबोर्ड ओळखत नव्हता तो ओळखू लागला.

त्या जागी नाण्याची सीआर २०३२ थेट लावू नका. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, बोर्ड तिला करंट पाठवत राहतो, आणि सीआर २०३२ चार्ज करायची नसते. मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाका, किंवा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा जंपर असतो तिथे होल्डर लावा.

फुगलेले कपॅसिटर घरी बदलता येतात?

येतात, पण पहिला प्रयोग मेलेल्या बोर्डावर करा. २००० च्या आसपास काही वर्षं बाजारात निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर पसरले आणि त्या काळातले असंख्य बोर्ड त्यात गेले. त्यामुळे आपल्या ढिगाऱ्यात फुगलेले कपॅसिटर हीच सगळ्यात कॉमन बिमारी.

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं आणि लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला. दुकानदार "हे पण चालतं" म्हणून ८५ अंशांचा साधा कपॅसिटर देतो, तो टीव्ही-रेडिओला चालेल, प्रोसेसरजवळ टिकणार नाही. ऋण बाजूची पट्टी कुठे आहे याचा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न मदरबोर्डच्या ग्राउंडच्या रुंद तांब्याच्या थराला पुरत नाही, उष्णता पसरून जाते. पन्नास-साठ वॅटचं घ्या, आधी थोडं नवं सोल्डर वितळवून जुन्यात मिसळा, मग कपॅसिटर डोलवत काढा. साठ-चाळीसच्या सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असतं. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

चालू केलं की नुसता बीप बीप वाजतं.

बीप वाजतं म्हणजे बोर्ड जिवंत आहे, आनंद माना. सलग लांब बीप म्हणजे बहुधा रॅम. रॅम काढा, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने घासा, भुकटी झटका, परत बसवा. आपल्याकडची निम्मी दुरुस्ती या खोडरबरावर चालते. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक लांब आणि दोन छोटे म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

काहीच वाजत नसेल तर आधी स्पीकर जोडलाय का बघा. मग पोस्ट कार्ड, म्हणजे मशीन सुरू होताना कुठे अडलं ते दाखवणारं कार्ड घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. पीसीआय स्लॉटमध्ये लावलं की दोन अक्षरांचा कोड दाखवतं. अवॉर्डमध्ये 'सी१' वर अडकलं तर पुन्हा रॅमकडेच जा.

पेंटियम वनवर ७२ पिनांची सिम जातीची रॅम (मोबाइलच्या सिमशी संबंध नाही) असेल तर जोडीनेच लावावी लागते. एकाच पट्टीवर बोर्ड गप्प बसतो आणि लोक बोर्ड मेला म्हणून टाकून देतात.

हार्ड डिस्क करकर करते. काय लावू?

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॉप्टर. कॅमेऱ्यातलं हे कार्ड मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे ड्रायव्हर लागत नाही आणि आवाजही नाही. ४ जीबीचं कार्ड डॉस आणि विंडोज ९८ दोन्हींना पुरतं.

आकाराच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ४८६ च्या बायोसला बऱ्याचदा ५०४ एमबीच्या पुढे दिसत नाही. पुढच्या काही बायोसना ८.४ जीबी, आणखी काहींना ३२ जीबी ही भिंत. डॉस ६.२२ चं एक पार्टिशन २ जीबीच्या पुढे जात नाही. मोठी डिस्क लावून बोर्ड अडकला तर डिस्क खराब आहे असं समजू नका.

जुनी हार्ड डिस्क चालू असेल तर आधी तिच्यावरचा डेटा उतरवा. कोणाच्या तरी मुलांचे फोटो असतात. मूळ मालकाला विचारा, तो नको म्हणाला तर पुसून टाका. भंगारातल्या डिस्कमधल्या फायली उघडून बघणं मला पटत नाही.

फ्लॉपी अजून लागते का?

डॉसपुरती. १.४४ एमबीच्या फ्लॉप्या आता नव्या बनत नाहीत आणि आपल्या उकाड्या-पावसात जुन्यांना बुरशी लागते. फ्लॉपी ड्राइव्हऐवजी पेन ड्राइव्ह घेणारं एम्युलेटर मिळतं, ते बसवा. केबल ३४ पिनांची. तिच्या एका टोकाजवळ काही वायरी पिळलेल्या असतात, त्या टोकाला लागलेला ड्राइव्ह 'ए' होतो.

विंडोज कोणतं टाकू? लायसन्सचं काय?

मायक्रोसॉफ्ट विंडोज ९८ आता विकत नाही. कॅबिनेटवर लायसन्सचं स्टिकर असेल तर जपा, त्यावरची कीच वापरा. डॉससाठी फ्रीडॉस मोफत आणि कायदेशीर आहे, १९९४ पासून त्यावर काम चालू आहे आणि जुने हिशोबाचे प्रोग्राम त्यावर नीट चालतात.

विंडोज ९८ टाकताना ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम लावू नका. "जास्त लावली तर पळेल" या हिशोबाने लोक एक जीबी लावतात आणि मग मशीन बूटच होत नाही. सीडीवरचं सेटअप फोल्डर आधी डिस्कवर कॉपी करा आणि तिथूनच इन्स्टॉल करा. नाहीतर प्रत्येक ड्रायव्हरला ते सीडी मागत बसतं.

टर्बो पास्कलमधले काही जुने प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची वेगवान मेमरी, बंद करा, पेंटियम कासवासारखा चालायला लागतो आणि प्रोग्राम सुरू होतो.

वडिलांच्या जुन्या मराठी फायली उघडत नाहीत. त्यासाठी जुनं मशीन लागेल?

माझ्या मते जुना पीसी जोडायचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, म्हणून नीट सांगतो.

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर फाँटच्या जोरावर चालायचा. सी-डॅकचं आयएसएम, श्री-लिपी, आकृती, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. फायलीत 'क' साठवलेला नसायचा, कोणत्या तरी इंग्रजी चिन्हाचा नंबर असायचा आणि फाँट त्या जागी 'क' काढायचा. म्हणून तीच फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडली की चिन्हांचा खच दिसतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली.

नुसता फाँट मिळाला तरी साधा मजकूर वाचता येतो. पण पेजमेकरमध्ये लावलेली पानं असतील तर मूळ सॉफ्टवेअर लागतं, आणि त्या काळच्या डीटीपी सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टमध्ये (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटमध्ये) लावायचं हार्डवेअर लॉक असायचं, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. लॅपटॉपला पॅरलल पोर्टच नाही. इथे जुन्या मशीनला पर्याय नसतो. माझ्याकडे चोपड्याचे एक पत्रिकावाले आले होते. लॉक त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत, हळद-कुंकवाच्या पुड्यांशेजारी जपून ठेवलं होतं. पेंटियम थ्रीला ते लावलं आणि वीस वर्षांपूर्वीची पत्रिका पडद्यावर आली, "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून खाली प्रेषकांच्या लांबलचक यादीपर्यंत. त्यांनी यादीतली नावं बोट ठेवून वाचली आणि त्यातले कोण कोण गेले ते सांगत बसले. प्रिंट काढायची राहूनच गेली, ती दुसऱ्या दिवशी काढली.

एकदा उघडलं की कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवा. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डही कधीतरी जाणारच.

उन्हाळ्यात चालवू का?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत तर विचारूच नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत चालवा.

कूलरसमोर उघडं कॅबिनेट ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, तिच्यात धूळ मिसळून बोर्डावर चिखलाचा पातळ थर बसतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत हा उद्योग करणारे सगळे हीच चूक करतात. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट दगडासारखी झालेली असते, ती खरवडून नवी लावा. पंख्याचा आवाज येत असेल तर मागचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका.

जुना मोठा मॉनिटर ठेवू की एलसीडी?

डॉसचा मजकूर खऱ्या काचेच्या मॉनिटरवरच चांगला दिसतो. चालू असेल तर ठेवा, रिफ्रेश रेट ७५ किंवा ८५ वर न्या, साठवर डोळे दुखतात. पण मागचं झाकण उघडू नका. आत पंचवीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. मीसुद्धा उघडत नाही, जुन्या टीव्ही मेकॅनिककडे देतो.

कीबोर्ड?

टीव्हीएस गोल्ड. पीएस-टू कीबोर्ड मशीन चालू असताना काढू-घालू नका, बोर्डावरचा बारीक फ्यूज उडतो.

पीसी नको, सुट्या चिपांपासून आठ बिटांचा कॉम्प्युटर बनवायचाय.

मग डिप्लोमा-इंजिनिअरिंगला असलेल्या कोणाला तरी गाठा. ८०८५ चं ट्रेनर किट आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्यात सगळं आहे: ८०८५, ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, इनपुट-आउटपुटची ८२५५ चिप, ८ केबीची ६२६४ रॅम, किट चालवणारा 'मॉनिटर' प्रोग्राम साठवलेली ईप्रॉम चिप. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते, तिच्यावरचं स्टिकर काढू नका. अतिनील प्रकाश आत गेला की प्रोग्राम पुसला जातो, आणि आपलं ऊन काही कमी नाही.

झेड ८० या दुसऱ्या आठ बिटांच्या प्रोसेसरवर करायचं असेल तर चाळीस पायांची ती चिप झायलॉगने २०२४ मध्ये बंद केली. जुना साठा अजून फिरतोय, पण नाव घासून दुसरं छापलेल्या चिपाही फिरताहेत.

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हे सगळं फुकट होतं ना?

होतं. डॉसबॉक्स मी पण वापरतो. नुसता प्रोग्राम चालवायचा असेल तर तेच करा, उगाच भंगार गोळा करू नका.

घरच्यांना काय सांगू?

माझी आई अजून विचारते, "हाई भंगार घरमा कसाले लई उना?" तिला मी उत्तर देत नाही. फक्त एकच नियम पाळतो: नवा डबा आला की जुना एक बाहेर जातो. आणि ब्लोअरने धूळ उडवायची ती गच्चीवर, पापड वाळत घातलेले नसताना.

नको असलेले पार्ट कुठे टाकायचे?

नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे. एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. केबल जाळून तांबं काढणाऱ्याला माल देऊ नका, तो धूर विषारी असतो आणि वस्तीवरच्या पोरांच्या नाकात जातो. जुन्या एलसीडीच्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका.

जुन्या बोर्डांतून सोनं निघतं म्हणे?

जळगाव जिल्ह्यात राहून हा प्रश्न येणारच. निघतं, पण अगदी मुलाम्याएवढं. त्यासाठी तीव्र आम्लं लागतात, त्यांच्या वाफेने फुप्फुसं जातात, उरलेलं पाणी नाल्यात जातं आणि हाती काय लागलं ते सराफाच्या काट्यावर दिसतसुद्धा नाही. सोन्यासाठी सगळ्यात जास्त बळी गेला तो १९९५ च्या पेंटियम प्रोचा, मोठा सिरॅमिक चौकोन, वर सोनेरी झाकण. तुमच्या ढिगाऱ्यात तसा एखादा दिसला तर वितळवणाऱ्याच्या हाती लागायच्या आत मला कळवा. माझ्याकडे सॉकेट ८ चा रिकामा बोर्ड चार वर्षं पडून आहे.